चिमुकल्या फिगरवर रंग आणि डेकल, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

बहिणीला तिच्यासारखीच दिसणारी, लेगोसारखी छोटी फिगर करून द्यायची असं डोक्यात आलं तेव्हा मला वाटलं होतं की दोन तासांचं काम आहे, रंग आहेत, ब्रश आहे, अजून काय लागतं. ती नर्स आहे. आकाशी गणवेश, खिशाला दोन पेनं, गळ्यात स्टेथोस्कोप, गोल चष्मा, आणि हे सगळं बसवायचं कुठे तर जेमतेम दीड सेंटिमीटर रुंद छातीवर. ब्रशने काढलेली पेनं म्हणजे दोन जाड फराटे झाले, आणि खांद्याच्या भोकात रंग इतका चढला की हात परत बसेचना. त्यानंतर बऱ्याच फिगर केल्या, आणि जे जे कळत गेलं ते आज क्रमाने लिहितेय, म्हणजे नव्याने सुरू करणाऱ्याचे पार्ट वाया जाणार नाहीत.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. फिगर लहान असते म्हणून रंगाचा थर लहान होत नाही. हातभर मूर्तीवर जो थर कुणाच्या लक्षातही येत नाही तोच चार सेंटिमीटरच्या बाहुलीवर लिंपल्यासारखा दिसतो. इथून पुढे मी जे काही सांगणार आहे त्यातलं निम्मं फक्त जाडी कमी ठेवण्यासाठी आहे.

कंपनीकडून येणाऱ्या फिगरवरचं चित्र ब्रशने काढलेलं नसतंच. कोरलेल्या प्लेटमधली शाई सिलिकॉनच्या मऊ गादीवर उचलतात आणि ती गादी पार्टवर दाबतात, त्याला पॅड प्रिंटिंग म्हणतात, म्हणून ते इतकं सपाट आणि रेखीव असतं. घरी त्याच्या सगळ्यात जवळ जाणारी वस्तू म्हणजे वॉटरस्लाइड डेकल, पाण्यात भिजवलं की कागदावरून सरकून सुटणारी पातळ छापील फिल्म. साधं स्टिकर नको, स्टिकरची कड दिसते आणि काही दिवसांनी कोपरे उचलतात. तेव्हा कामाची वाटणी अशी ठेवा: मोठे सपाट भाग रंगाने, आणि बटणं, खिसे, अक्षरं, चष्मा असलं बारीक काम डेकलने.

आता सुरुवात पार्टपासून. हातातली फिगर कशाची आहे ते आधी बघा, कारण लेगोसारख्या कडक फिगर मुख्यतः एबीएस प्लास्टिकच्या असतात आणि बोटाने दाबल्या जाणाऱ्या मऊ बाहुल्या बहुतेक वेळा पीव्हीसीच्या, आणि दोघींचा स्वभाव अगदी वेगळा. एबीएसला अ‍ॅसिटोन अजिबात चालत नाही, प्लास्टिकच विरघळतं. जुनी छपाई काढायला म्हणून नेलपॉलिश रिमूव्हर वापरायचा मोह सगळ्यांना होतो, आणि त्यात बहुधा तेच असतं, मीही एका डोक्यावर एकदाच पुसलं, वरची चकाकी गेली, चिकट झालं आणि बोटाचा ठसा त्यात कायमचा उमटला. मऊ पीव्हीसीची अडचण दुसरी. त्याला मऊ ठेवणारं जे रसायन आत असतं ते हळूहळू वर येतं आणि एनॅमल रंग किंवा बरेचसे स्प्रे त्यावर महिनोन्महिने चिकटच राहतात, वाळतच नाहीत. तिथे पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंगच वापरा. खरं तर दोन्हीकडे अ‍ॅक्रिलिकच वापरा, व्हालेहो, सिटाडेल, तामिया यातल्या कुठल्याही कंपनीचे चालतील, फक्त तामियाचे अ‍ॅक्रिलिक पाण्यापेक्षा त्यांच्या स्वतःच्या थिनरने जास्त छान पसरतात.

आणि रंगवायचं कमी करता येत असेल तर कमी करा. निळा शर्ट हवाय तर निळ्या प्लास्टिकचंच धड शोधा, जुन्या पार्टच्या डब्यात सापडतं. रंगवलेला सांधा हलवला की रंग जातोच, हा नियम आहे, त्यामुळे हात, पंजे आणि पाय जितके मूळ प्लास्टिकच्या रंगात राहतील तितकी फिगर जास्त दिवस टिकते. मी हल्ली केस, टोपी, बूट आणि कपड्याची एखादी पट्टी एवढंच रंगवते.

धडावर आधीची छपाई असेल तर ती काढायची सगळ्यात सुरक्षित पद्धत म्हणजे भांड्यांवर वापरतात तसलं मेटल पॉलिश, ब्रासोसारखं. इअरबडवर थोडं घ्या आणि गोल गोल घासत राहा, जोर न देता. पहिली दोन मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं, मग इअरबडवर रंग उतरायला लागतो. दहा पंधरा मिनिटं लागतात, एखादी छपाई फारच चिवट असते. सँडपेपरने झटपट निघतं पण प्लास्टिकची चकाकी जाते आणि कडा गोल होतात, त्यामुळे तो शेवटचा उपाय, आणि तोही दोन हजार नंबरचा, पाण्यात भिजवून, कारण कोरडं घासलं की बारीक धूळ नाकात जाते.

मग फिगर सुटी करा. डोकं, केस, पाय सहज निघतात. पंजा हळू गोल फिरवत ओढला की बाहेर येतो. हात काढताना मात्र थांबून, खांद्यापाशी धरून, थोडा वर करून बाहेरच्या बाजूला ओढायचा, हिसका दिला तर काखेखाली धडाला चीर जाते आणि ती कशानेही भरत नाही. सगळे पार्ट कोमट पाण्यात भांड्याचा साबण घालून धुवा, जुन्या टूथब्रशने फटीतलं पॉलिश काढा आणि पूर्ण वाळू द्या. यानंतर जिथे रंग किंवा डेकल येणार आहे तिथे बोट लावू नका. बोटाचं तेल डोळ्याला दिसत नाही पण रंगाला बरोबर कळतं, नेमका तिथेच तो गोळा होतो आणि मागे सरतो.

पार्ट धरायचे कसे हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. डोक्याला खालून भोक असतं, त्यात बांबूची काडी जराशी चिकटपट्टी गुंडाळून घट्ट बसवा. धडासाठी एक जुना पायांचा पार्ट बाटलीच्या झाकणावर चिकटवून ठेवा, त्यावर धड बसतं आणि झाकण हातात फिरवता येतं. केस वगैरे असतील तर काडीच्या टोकाला भिंतीवर पोस्टर लावायची पुट्टी. हे पाच मिनिटांत होतं आणि पुढचे दोन दिवस सुखाचे जातात.

रंगाकडे येऊ. गुळगुळीत प्लास्टिकला रंग धरत नाही, म्हणून रंगवायच्या भागावर हजार नंबरचा पाणी पेपर अलगद फिरवा, चकाकी मंद झाली की बास. त्यावर प्रायमरचा, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या खालच्या थराचा, एक पातळ हात. स्प्रेचा प्रायमर चांगला पण त्यातला सॉल्व्हंट, म्हणजे रंग विरघळवणारं द्रव, फार तीव्र असेल तर प्लास्टिकवर बारीक जाळी पडते, त्यामुळे आधी नको असलेल्या पार्टवर मारून बघा. ब्रशने लावायचा अ‍ॅक्रिलिक प्रायमर हळू जातो पण घरात बसून करता येतो आणि वासही नसतो.

रंग बाटलीतून थेट लावू नका. एका थेंबाला जवळपास एक थेंब पाणी, थोडं कमी जास्त, दुधाइतका पातळ होईपर्यंत. प्लेटवर ब्रशने ओढलात तर मागे पाण्यासारखी न पसरणारी पण खालचं थोडं दाखवणारी रेघ राहिली पाहिजे. पहिला हात दिल्यावर फिगर भयंकर दिसते, ठिगळं ठिगळं, खालचं सगळं दिसतंय, आणि इथेच बहुतेकजण घाबरून वर जाड रंग थापतात. तसं करू नका. पंधरा वीस मिनिटं बाजूला ठेवा, दुसरा हात, परत थांबा, तिसरा हात. तिसऱ्याला रंग एकदम भरून येतो आणि ब्रशच्या रेघा राहत नाहीत. पिवळा आणि लाल हे फार पारदर्शक असतात, काळ्या किंवा गडद प्लास्टिकवर पाच हात देऊनही मळकट दिसतात, त्यांच्याखाली आधी पांढरा किंवा फिकट करडा हात द्या मग दोन हातांत काम होतं. अर्धवट वाळलेल्या रंगावर परत ब्रश फिरवायचा नाही, खालचा थर उखडून गोळ्या होतात, कुठे चुकलं असेल तर वाळू द्या आणि मग ओल्या इअरबडने किंवा पेपरने सारखं करा.

ब्रशबद्दल एक मत आहे माझं. नवीन माणूस सगळ्यात बारीक ब्रश शोधत जातो, तीन शून्यवाला, पाच शून्यवाला. त्यात रंगच मावत नाही, प्लेटपासून बाहुलीपर्यंत येईतो टोकाशी वाळलेला असतो. एक नंबरचा पण टोक सुईसारखं जुळणारा चांगला ब्रश घ्या, बारीक रेघ टोकामुळे येते, केस कमी असल्यामुळे नाही. डोळ्यांचे ठिपके तर ब्रशने काढूच नका. टूथपिकचं टोक रंगात बुडवा, एकदा कागदावर टेकवून जादा काढा, मग चेहऱ्यावर सरळ टेकवून सरळ उचला. दोन्ही डोळे एकाच बुडवणीत करू नका, दुसरा लहान येतो.

चेहऱ्याचंच निघालं म्हणून, तिथे कमी काढलेलंच छान दिसतं. लेगोची मिनिफिगर १९७८ साली आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर दोन ठिपके आणि एक हसरी रेघ एवढंच होतं, १९८९ ला पायरेट्सच्या सेटमध्ये दाढ्या, डोळ्यावरची पट्टी असले वेगवेगळे चेहरे आले, म्हणजे अकरा वर्षं त्या दोन ठिपक्यांवरच सगळं चाललं आणि कुणाला काही कमी वाटलं नाही. बहिणीच्या फिगरला मी आधी पापण्या, ओठ, गाल सगळं काढलं होतं, ती कुणीतरी वेगळीच बाई दिसायला लागली. सगळं पुसून दोन ठिपके, गोल चष्मा आणि डावीकडे जरा जास्त वर गेलेलं हसू एवढंच ठेवलं, आणि आईने टेबलावर बघताक्षणी तिचं नाव घेतलं.

आता डेकल, यात खरा वेळ घाला. आधी माप. धड वरून अरुंद आणि खाली रुंद असतं, मोजपट्टीने अंदाज चुकतो, त्यामुळे पार्टवर मास्किंग टेप लावून कडेने पेन्सिल फिरवा, टेप काढून कागदावर चिकटवा आणि ते स्कॅन करून त्यावर डिझाइन करा. हातांच्या मागे जाणारा भाग मोकळा सोडा. फाइल खऱ्या मापाची आणि सहाशे डीपीआयची, म्हणजे इंचाला सहाशे ठिपक्यांची, ठेवा, तीनशेच्या खाली गेलात तर चष्म्याच्या गोल कडा पायऱ्या पायऱ्या दिसतात. स्क्रीनवर सुंदर दिसणारी केसाएवढी रेघ छापल्यावर गायब होते हेही लक्षात असू द्या, रेघा जरा जाडच ठेवा. डेकल पेपरला हात लावायच्या आधी साध्या कागदावर छापा, कापा, धडावर धरून बघा. माझं तिसऱ्या चौथ्या कागदाला माप बरोबर बसतं.

डेकल पेपर दोन प्रकारचा, पारदर्शक आणि पांढरा. घरचा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, पांढरं म्हणजे त्याच्या दृष्टीने काहीच न छापणं, त्यामुळे पारदर्शक पेपरवर छापलेला फिकट रंग गडद धडावर ठेवला की तो दिसेनासाच होतो. फिकट धडावर गडद डिझाइन असेल तर पारदर्शक घ्या. गडद धड असेल तर पांढरा पेपर घ्या आणि धडाचाच रंग पार्श्वभूमी म्हणून छापा, किंवा मग माझी आवडती युक्ती, जिथे डिझाइन येणार तेवढ्याच जागी ब्रशने पांढरा आकार रंगवून घ्या आणि त्यावर पारदर्शक डेकल बसवा. पांढऱ्या पेपरची कापलेली कड पांढरी चमकते, ती बसवायच्या आधीच त्याच रंगाच्या मार्करने कडेकडेने रंगवून टाका.

इंकजेटवर छापत असाल तर शाई पाण्यात फुटते, म्हणून छापल्यावर काही तास वाळू द्या आणि क्लिअर अ‍ॅक्रिलिक स्प्रेचे दोन तीन हलके हात मारा, प्रत्येक हातामध्ये वाळायला वेळ देत. एकदम भिजेल इतका मारला तर तिथेच शाई पसरते. लेझर प्रिंटरची शाई पाण्याला घाबरत नाही, तिथे हे लागत नाही, पण पेपर त्याच प्रिंटरचा असला पाहिजे, इंकजेटचा पेपर लेझरमध्ये घातला तर आत वितळून मशीन खराब होऊ शकतं.

डेकल जिथे बसणार तो पृष्ठभाग चकचकीत हवा. खरखरीत रंगावर डेकल ठेवलं की खाली हवा अडकते आणि वाळल्यावर पारदर्शक भाग चंदेरी दिसतो, त्याला सिल्व्हरिंग म्हणतात. मूळ प्लास्टिक असेल तर प्रश्न नाही, रंगवलेलं असेल तर आधी ग्लॉस वॉर्निशचा एक हात आणि रात्रभर वाळवण.

आता प्रत्यक्ष बसवणं. टेबलावर कोमट पाण्याची बशी, चिमटा, मऊ ब्रश, टिश्यू, इअरबड. डेकल नवीन ब्लेडने डिझाइनच्या अगदी जवळून कापा, जितकी मोकळी फिल्म कमी तितकी कड कमी दिसते. चिमट्याने धरून पाण्यात वीसेक सेकंद बुडवा, बाहेर काढून टिश्यूवर ठेवा आणि मिनिटभर त्याकडे बघायचंही नाही. कागद आणि फिल्मच्या मधला डिंक तेवढ्यात सुटतो. पाण्यातच तरंगत ठेवलं तर डिंक सगळा धुवून जातो आणि मग चिकटायला काही उरत नाही. अंगठ्याने अलगद ढकलून बघा, सरकलं तर तयार, नाही सरकलं तर अजून थोडं थांबा, ओढू नका. धडावर पाण्याचा एक थेंब ठेवा, कागद धडाला टेकवा आणि डेकल कागदावरून ब्रशने धडावर सरकवा. म्हणजे कागद खालून काढून घ्यायचा, डेकल हवेत उचलायचं नाही, हवेत उचललं की ते स्वतःवरच दुमडतं आणि एवढंसं डेकल दुमडलं की उलगडत नाही.

थेंबावर तरंगतंय तोपर्यंत हवं तसं सरकवता येतं. मान कुठे, मध्यरेषा कुठे, डोळ्यासमोर आडवी धरून बघा. बसलं की टिश्यूचा कोपरा कडेला टेकवा, पाणी तो स्वतः ओढून घेतो आणि डेकल खाली बसताना दिसतं. मग ओलसर इअरबड मधून कडेकडे लोटत न्या, घासू नका. डोक्यासारख्या गोल भागावर कडेला सुरकुती राहिली तर डेकल सॉफ्टनर, म्हणजे डेकल मऊ करणारं द्रव, लागतं. बाजारात ते मायक्रो सेट आणि मायक्रो सोल या नावांनी मिळतं. मायक्रो सेट डेकलच्या खाली लावायचं, व्हिनेगरसारखा वास येतो, आणि मायक्रो सोल वरून, ते जास्त कडक. मायक्रो सोल लावल्यावर डेकल आधी भयानक सुरकुततं, माणसाला वाटतं गेलं काम, पण अर्ध्या तासात ते स्वतःहून ताणून पृष्ठभागाला चिकटून बसतं, मधल्या वेळात बोट लावलं तरच फाटतं. घरी इंकजेटवर छापलेल्या डेकलवर मात्र आधी कोपऱ्याच्या तुकड्यावर लावून बघा, तुमच्या स्प्रेच्या थराला ते कधी कधी खातं. सॉफ्टनर नसेल तर गरम पाण्यात बुडवून पिळलेला इअरबड दाबून धरा, त्यानेही बऱ्यापैकी जमतं. खाली बुडबुडा राहिलाच तर सुईने एक टोचा आणि परत दाबा.

रात्रभर वाळू द्या. सकाळी ओल्या इअरबडने डेकलभोवती वाळलेला डिंक पुसून घ्या, नाहीतर वॉर्निशखाली तो पिवळट डाग होऊन कायमचा दिसत राहतो.

शेवटी वॉर्निश. चकचकीत प्लास्टिकची फिगर असेल तर ग्लॉसच मारा, एकाच बाहुलीवर निम्मं चकचकीत निम्मं मॅट असेल तर लगेच कळतं की इथे कुणीतरी काम केलंय. वीस पंचवीस सेंटिमीटरवरून, स्प्रे फिगरच्या बाहेर सुरू करून बाहेरच बंद करायचा, दोन तीन धुक्यासारखे हात. खिडकी उघडी, तोंडाला मास्क, आणि हवा दमट असेल त्या दिवशी नकोच, मॅट वॉर्निश दमट हवेत पांढरं धुकट होतं. पहिला हात फारच हलका हवा, इंकजेटच्या डेकलवर ओला हात बसला की इतकी मेहनत डोळ्यासमोर विरघळते. सोनेरी किंवा क्रोमच्या मार्करने काही रंगवलं असेल तर त्यावर वॉर्निश नको, आरशासारखी चमक जाऊन करडं होतं, ते सगळं झाल्यावर शेवटी करा आणि उघडं ठेवा.

एक दिवस तरी थांबून मग हात बसवा. वॉर्निश बोटाला कोरडं लागलं तरी आतून मऊ असतं, आणि हात बसवताना बोटं बरोबर छातीवर दाबली जातात. मी मऊ कापडात धड धरते आणि भोकाच्या कडेला रंग जमला असेल तर ब्लेडच्या टोकाने आधी खरवडून घेते. एक काळजी, अशी फिगर तोंडात वस्तू घालणाऱ्या लहान मुलाला खेळायला देऊ नका, हे रंग आणि डेकल त्यासाठी नसतात आणि पार्टही गिळण्याएवढे असतात.

डेकलच्या एका शीटवर पंधरा वीस धडं सहज मावतात, त्यामुळे प्रत्येक डिझाइन तीन तीन वेळा छापून घ्या, एक फाटतं, एक वाकडं बसतं, आणि तिसरं डब्यात ठेवा. शीट झिपच्या पिशवीत, सपाट, ओलाव्यापासून लांब. बहिणीची फिगर तिच्या टेबलावरून पडून वर्षभराने खिशापाशी खरचटली, तेव्हा ते तिसरं डेकल काढलं, जुनं चिकटपट्टीने ओढून घेतलं आणि त्याच संध्याकाळी नवीन बसवून दिलं.